ट्रेलरच्या वायरिंगला आलेली माणसं

आमच्या दुकानात किस्से का साचतात, याचं कारण अगदी साधं आहे. जवळपास दुसरं काहीच नाही! नशिराबादच्या अलीकडे हायवेला लागून आमचं पत्र्याचं शेड. शेजारी शकूरभाईंचं वेल्डिंगचं शेड. समोर रस्ता, मागे कपाशी. गाडीचं वायरिंग एकदा उघडलं की गिऱ्हाईक अडकलं. त्याला कुठे जाता येत नाही, मोबाईल आमच्याकडेच चार्जिंगला लावलेला असतो. मग तासाभरानं तो आपोआप बोलायला लागतो.

काम म्हणाल तर पिकअपमागे ट्रेलर जोडून देण्याचं. शकूरभाई ट्रेलर बांधतात, म्हणजे लोखंड त्यांचं आणि वीज आमची. पिकअपला जे लाईट, तेच मागे ट्रेलरलाही लागले पाहिजेत. ब्रेकचा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, अंधारात लावायचे. शकूरभाईंचा भाचा आखातात ट्रेलरच्याच कारखान्यात आहे. त्यानं एकदा इलेक्ट्रिक ब्रेकचा सेट पाठवला, तेव्हापासून आम्ही तेही बसवतो. पिकअपचा ब्रेक दाबला की केबिनमधली एक लहानशी डबी ट्रेलरच्या चाकांतल्या चुंबकांना करंट देते, आणि ट्रेलर स्वतःचा स्वतः थांबतो. नाहीतर उतारावर मागचं वजन पुढच्याला ढकलत नेतं.

हे सगळं विलासराव करतात, म्हणजे माझे यजमान. आणि मी.

मी यात कशी आले, तिथूनच सांगते.

*

लग्न होऊन जळगावला आले तेव्हा दुकानाशी माझा संबंध डब्यापुरता होता. दुपारी डबा घेऊन जायचं, यांचं जेवण होईपर्यंत बसायचं, रिकामा डबा घेऊन परत. पण विलासराव जेवता जेवता दोन वायरी हातात धरून विचारायचे, "ही कुठली गं?"

"लाल."

"आणि ही?"

"हिरवी."

मला वाटायचं, बिचाऱ्यांना नव्या बायकोशी बोलायला विषय सापडत नाहीये! मीही कौतुकानं उत्तरं द्यायचे.

एकदा त्यांनी तीच वायर घास दोन घासांच्या अंतरानं पुन्हा विचारली. मी म्हटलं, "अहो, आत्ताच तर सांगितलं."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. दोन्ही मातीसारखे दिसतात. लहानपणापासून."

घरात कुणाला माहीत नव्हतं. ज्याला वायरीचा रंग कळत नाही त्याच्याकडे गाडी कोण लावणार? म्हणून हा माणूस एकेक वायर दिवा लावून तपासायचा, आणि इतका वेळ का लागतो असं कुणी विचारलं की म्हणायचा, "घाई आपल्याला जमत नाही."

मला भरून आलं. आणि पुढच्याच क्षणी एकदम आठवलं. मला बघायला आले होते, तेव्हा यांच्याकडून निरोप आला होता, "हिरव्या साडीतली मुलगी पसंत आहे." आमच्या घरी केवढा गोंधळ! कारण हिरव्या साडीत माझी धाकटी बहीण होती. मी लाल साडीत. मध्यस्थ म्हणाले, धाकटीचं अजून शिक्षण चालू आहे, त्यांचा बोलण्यात घोटाळा झाला असेल. आणि लग्न ठरलं.

मी विचारलं, "अहो, मग तुम्हाला नक्की कोण पसंत पडली होती?"

विलासराव हात धुऊन पिकअपखाली शिरले. खालून आवाज आला, "ती पक्कड दे जरा."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले ती संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परत आले. तेव्हापासून दुकानातले रंग माझ्याकडे आहेत.

*

पाचोऱ्याचे एक दादा आले. त्यांची रोपवाटिका आहे, टोमॅटो-मिरचीची रोपं ट्रेलरमधून गावोगाव पोचवतात. नवा ट्रेलर घेऊन आठवडाही झाला नव्हता. ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचे, इंडिकेटर दिला की सगळेच लाईट मंद व्हायचे.

"वहिनी, नवी गाडी घर उनी नि कोनी तरी नजर लाई दिधी," दादा म्हणाले.

करंट जातो तसा त्याला परत यायलाही वाट लागते. ती वाट म्हणजे एक काळी वायर, ट्रेलरच्या लोखंडाला बोल्टनं आवळलेली. ती सुटली की करंट भलत्याच दिव्यातून वाट काढतो आणि भुताटकी झाल्यासारखे लाईट लागतात. विलासराव ट्रेलरखाली गेले. बोल्ट होता, काळी वायर जागेवर नव्हती.

मी पुढून बघत बघत गेले. वायर सापडली. तिला एक लिंबू आणि सात मिरच्या लटकत होत्या!

"दादा, ही कुणी सोडवली?"

"मीच," दादा म्हणाले. "पूजाना दिवशे काळा दोरा नही सापडना. म्हटलं हाई बी काळीच शे!"

वायर जागेवर आवळली. सगळे लाईट नीट लागले. दादांनी दोनदा तपासून पाहिलं, मान डोलावली, आणि लिंबू-मिरच्या हातात घेऊन तिथंच उभे राहिले.

"आता काय?"

"लाईट तुम्हीन लावी दिधा, वहिनी. पन नजर कोन काढी?"

शेवटी आमच्या काळ्या टेपचा तुकडा काढून दिला. लिंबू अजूनही त्याच टेपनं चिकटवतात. संपली की मागायला येतात.

*

शकूरभाई आणि विलासराव यांची मैत्री जुनी. पण एकदा शकूरभाईंनी पिकअपच्या बॅटरीची तार न काढता वेल्डिंग केलं आणि ब्रेकची नवी कोरी डबी जळाली. दोघांची अशी जुंपली की बोलणंच बंद!

दोन शेडांमध्ये फक्त एक पत्रा. अलीकडून विलासराव म्हणायचे, "त्यांना सांग, हुक दोन बोटं खाली पाहिजे." पलीकडून शकूरभाई ऐकायचे, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "भाभी, उनको बोलो, हो जायेगा." मी बिचारी मध्ये उभी. एवढं सोपं काम मला पुन्हा कधी मिळालं नाही!

कापसाचा अख्खा हंगाम असा गेला. त्या दिवसांतही शकूरभाईंकडून पाइपांतून वायरी ओवलेले ट्रेलर जोडणीला येत होते, आणि त्या वायरींच्या टोकांना गाठी होत्या. ब्रेकला एक गाठ, डाव्या इंडिकेटरला दोन, उजव्याला तीन. मी आले तेव्हापासून या गाठी बघत होते. वाटायचं, असते एकेकाची सवय.

मग दुसऱ्या कुणीतरी बांधलेला एक ट्रेलर आमच्याकडे आला. वायरी सरळसोट. एकही गाठ नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ट्रेलर बांधणारे वायरींना गाठी मारत नाहीत. कुणीच मारत नाही.

मी पत्रा ओलांडून गेले. "शकूरभाई, या गाठी कशासाठी असतात हो?"

त्यांनी तोंडावरचा मुखवटा वर केला. "वायर पाइप में सरक जाती है, भाभी."

मी हलले नाही. त्यांनी आमच्या शेडकडे एक नजर टाकली, आवाज खाली आणला.

"तुम्हारी शादी के पहले से बांधता हूं. तुम आयी, तो छोड सकता था." मुखवटा पुन्हा खाली ओढत म्हणाले, "मगर कभी तुम मायके गयी तो?"

*

शिरपूरकडचे एक बापू आहेत. त्यांच्याकडे लग्नाच्या वरातीत नाचणारी घोडी आहे, राणी नावाची. तिला चालवत नेलं तर ती दमते, टेम्पोत चढवलं तर बिथरते. म्हणून बापूंनी तिच्यासाठी खास ट्रेलर बांधून घेतला, इलेक्ट्रिक ब्रेकसकट. घ्यायला आले तेव्हा बरोबर घोडीही होती आणि बायकोही.

ब्रेकच्या डबीला एक बटण असतं. ते फिरवून ट्रेलरनं किती जोरात थांबायचं ते ठरवता येतं. विलासराव म्हणाले, "रिकामाच फिरवून बघतो आणि लावून देतो."

"रिकामा कसा? आत राणी राहील," बापू म्हणाले. "आणि तिच्याजवळ मी."

आमच्या मागच्या मोकळ्या जागेत पिकअप अगदी बैलगाडीच्या चालीनं फिरायला लागली. विलासराव चालवत होते, बटणावर मी, आणि ट्रेलरमध्ये घोडीच्या मानेला धरून बापू. दर वेळी ब्रेक दाबला की मागून आवाज यायचा.

"कमी करा! पुढचे पाय ताठ झाले तिचे."

मी बटण जरासं मागे घ्यायचे. पुन्हा एक फेरी.

"अजून थोडं. कान मागे गेले."

पुन्हा फेरी. मग बराच वेळ काही आवाज नाही. बापू खाली उतरले, चेहरा एकदम निवलेला. "आता बरोबर. तिनं मान खाली घातली. गवत खातेय."

त्यांची बायको दाराशी स्टुलावर बसून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "तिले इचारी ऱ्हायनात. माले कधी इचारं का तुम्हीन?"

शकूरभाई हसले, विलासराव हसले. बापू हसले नाहीत. राणीला आत बांधलं, दार लावलं, पिकअप सुरू केली. रस्त्याला लागण्याआधी गाडी थांबली.

"काच वर करू का?" बापू बायकोला विचारत होते. "धूळ येईल तुला."

*

एक छोटासा सांगते. चालता चालता ट्रेलर हुकातून सुटलाच तर? त्यासाठी एक बारीक तारेची दोरी पिकअपला अडकवलेली असते. ट्रेलर सुटला की दोरी ताणली जाते, ट्रेलरवरची एक पिन उपसली जाते, आणि तिथली छोटी बॅटरी ब्रेक आवळते.

एरंडोलकडून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. पिकअप बाहेर गेली होती, ट्रेलर नुसता अंगणात उभा होता, आणि जागचा हलत नव्हता. घरातल्या सगळ्यांनी ढकलून पाहिला.

विलासरावांनी विचारलं, "पुढच्या तारेच्या दोरीला काही बांधलंय का?"

"बकरी बांधली होती."

"मग पिन निघाली असेल. ती परत बसवा, ट्रेलर हलेल. कुठाय पिन?"

"बकरीबरोबर गेली!"

*

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला रामसिंगचं गाव आहे. पावसावर जेवढं पिकेल तेवढं शेत, बाकी मोहाची फुलं आणि मजुरी. त्यानं खटपट करून एक जुनी पिकअप घेतली आणि ट्रेलरवर पिठाची गिरणी बसवली. पाड्यापाड्यावर गिरणीच घेऊन जायचं, म्हणजे बायकांना डोक्यावर दळण घेऊन डोंगर उतरायला नको.

गिरणी जड. चढावर गाडीचा दम सुटायचा, उतारावर ट्रेलर पाठीशी लागायचा. म्हणून रामसिंगचा म्हातारा बाप हातात एक दगड घेऊन ट्रेलरच्या बाजूनं चालायचा. गाडी थांबली की पटकन चाकाला दगड लावायचा. गाडी निघाली की दगड उचलायचा आणि पुन्हा चालायचा. अख्खा डोंगर असा.

"लोक मला म्हणतात, बापाला चालवतो आणि स्वतः बसतो," रामसिंग म्हणाला. "पण दुसऱ्या कुणावर भरवसाच नाही ना. एकदा दगड लावायला उशीर झाला तर मी, गिरणी, सगळंच दरीत."

आम्ही ब्रेक बसवले. शकूरभाईंनी शेडजवळच्या रस्त्याच्या भरावाचा उतार दाखवला, तिथं गाडी नेली. विलासरावांनी ब्रेक दाबला, ट्रेलर होता तिथं उभा राहिला. सोडला, निघाला. दाबला, उभा. म्हातारा सवयीनं दगड घेऊन चाकाजवळ वाकला होता. तो वाकलेलाच राहिला. चाकाकडे बघत राहिला.

मग उठून मुलाला म्हणाला, "मग आता मी काय करू?"

रामसिंगनं केबिनचं दार उघडलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पुढं बसा. माझ्याजवळ."

म्हातारा केबिनमध्ये चढला. पहिल्यांदाच चढत असावा, कारण पाय कुठे ठेवायचा ते त्याला दाखवावं लागलं. मी काचेतून आत पाहिलं. ताठ बसला होता, समोर बघत. दगड मांडीवर होता.

मी रामसिंगला खूण केली, तो राहू दे का? त्यानं मान हलवली. राहू दे.

*

आणि हा पहूरच्या अक्कांचा.

एक पिकअप आली. मागे जुना, गंजलेला ट्रेलर. चालवणारा पस्तिशीचा माणूस एकटाच पुढे होता. बाजूची सीट रिकामी होती, आणि साठीच्या एक बाई मागे हौद्यात उभ्यानं, फळीला धरून आल्या होत्या. मला जरा राग आला त्या माणसाचा.

बाई आपल्या आपण खाली उतरल्या. पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "याले मागून लाईट बसवा. सगळे. आणि ते ब्रेकही बसवा."

विलासरावांनी वायरिंग उघडलं, तो माणूस गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मी अक्कांना स्टूल दिलं, चहा दिला. बोलायचं म्हणून विचारलं, "मुलगा का तुमचा?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "माहा सुरेश याच्याच ट्रेलरवर गेला."

चहाचा कप त्यांच्या हातात तसाच होता. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. दिवस मावळला होता. या सोपानचा ट्रेलर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भरून रस्त्याच्या कडेला उभा होता. मागे एकही लाईट नाही. सुरेश मोटरसायकलवर घरी येत होता, त्याला दिसलाच नाही. पोलीस झाले, कोर्ट झालं, जे व्हायचं ते झालं. सोपानचं शेत आणि यांचं शेत बांधाला बांध लागून. पण त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं नाही.

"मग आज?" मी विचारलं.

"माही धाकटी लेक आता कॉलेजले जाते. स्कूटीवर. तोच रस्ता आहे." अक्कांनी कप खाली ठेवला. "रोज ती येईपर्यंत मी दारात. काल उठले आन् त्याच्या घरी गेले. म्हटलं, चल."

"काय म्हणाला तो?"

"काहीच नाही. चावी घेतली."

काम दुपारपर्यंत चाललं. गंजलेल्या लोखंडाला वायर धरेना, शकूरभाईंनी नवीन पट्टी मारून दिली. मी रंग सांगत गेले, विलासराव जोडत गेले. सोपान मध्येच येऊन पक्कड धरायचा, टॉर्च धरायचा, परत पलीकडे जायचा. अक्कांच्या समोरून जायची वेळ आली की वळसा घालून जायचा.

झालं. आता तपासायचं. एकानं आत बसून दाबायचं आणि दुसऱ्यानं मागे उभं राहून सांगायचं, लागला की नाही. मागे नेहमी मीच असते. मी उठले तर अक्का म्हणाल्या, "मी पाहते."

सोपान ड्रायव्हरच्या जागी बसला. ऊन रणरणत होतं, अशा उन्हात लाईट लागलेला कळत नाही. अक्का ट्रेलरमागे उकिडव्या बसल्या आणि दिव्याभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली.

"दाबा," विलासराव म्हणाले.

अक्कांची ओंजळ आतून लाल झाली.

"लागला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूचा. लागला. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. अंधारात लावायचे. सगळे लागले. ट्रेलरचे ब्रेकही धरले. विलासरावांनी पक्कड, टेप, स्क्रू-ड्रायव्हर गोळा केले. "झालं, अक्का. आता काही काळजी नाही."

अक्का उठल्या नाहीत. पुन्हा पहिल्या दिव्यापाशी आल्या, ओंजळ धरली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सोपानशी बोलल्या.

"दाब."

त्यानं दाबला. ओंजळ लाल झाली.

"सोड."

सोडला.

"दाब."

पत्र्यापलीकडे शकूरभाईंचं वेल्डिंग थांबलं. विलासराव हातात टेप घेऊन तसेच उभे राहिले. मला गाडीच्या दाराच्या आरशात सोपान दिसत होता. त्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं होतं. फक्त पाय ब्रेकवर होता.

"सोड," अक्का म्हणाल्या.

मग थोडं थांबून, "दाब, सोपान."